वीस धडे

आमच्या बैठकीतलं पुस्तकांचं कपाट मी आयुष्यात एकदाच रिकामं केलं, आणि तेही पुस्तकांसाठी नाही, फळ्यांसाठी. चार फळ्या हव्या होत्या. दोन नातीच्या पायांना, दोन नातवाच्या. पुस्तकं भिंतीशी रचून ठेवली. नातू त्या ढिगाकडे बघत म्हणाला, "आजोबा, हा आपला डोंगर का?"

"सध्या हाच," मी म्हणालो.

नातू सहा वर्षांचा. त्याला सगळे ढब्बू म्हणतात आणि तोही खुशाल ओ देतो. बहीण दहा वर्षांची. तो तिला ताई म्हणतो, म्हणून आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो. दोघं दर रविवारी दुपारी दोन तास माझ्याकडे असत. त्यांची आई सोडायला यायची आणि न्यायला यायची. ती माझी सून. म्हणजे होती. माझा मुलगा चार वर्षांपूर्वी परदेशी गेला, तिथेच त्याने दुसरा संसार थाटला, आणि हळूहळू मुलांना फोन करायचंही सोडून दिलं. कागदोपत्री सगळं मिटलं त्यालाही आता तीन वर्षं झाली. तरी ती मला बाबाच म्हणत राहिली आणि मुलांना घेऊन येत राहिली. तिच्यावर कसलंही बंधन नव्हतं. दार उघडताना दर रविवारी मला याची आठवण असायची.

उन्हाळा संपता संपता एका रविवारी तिने कप खाली ठेवला आणि सांगितलं की तिला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळाली आहे. गाडीने आठ तासांवर. हिवाळ्यात बिऱ्हाड हलवायचं.

"मग रविवार काही जमायचे नाहीत, बाबा."

"साहजिकच आहे."

"पण मी एक ठरवलंय. हिवाळ्याच्या सुट्टीत माझी सामानाची बांधाबांध असेल. तेव्हा एक आठवडा तुम्ही त्यांना कुठेतरी घेऊन जा. तिघंच. ते नीट पार पडलं, मुलं खूश राहिली, की दरवर्षी तो आठवडा तुमचा. मग कोणी काही म्हणो."

"आणि नाही पार पडलं तर?"

"झालं सुरू! अजून बॅग भरली नाही आणि यांचं आपलं अशुभ बोलणं."

ती हसली, आणि मीही परत विचारलं नाही. वर्षातला एक आठवडा. माझ्या वयाच्या हिशोबाने किती आठवडे उरतात हे मी त्या संध्याकाळी मोजलं आणि मग मोजायचं सोडून दिलं.

कुठे जायचं असं विचारल्यावर ताई म्हणाली, "कुठेही चालेल, आजोबा." ती नेहमीच असं म्हणते. ढब्बूने मात्र दाताच्या डॉक्टरकडे भिंतीवर एक चित्र बघून ठेवलं होतं. "बर्फावर घसरायचं. त्या लांब लांब पट्ट्यांवर. सुईं करून."

मी चौकशी केली. एक लहानसं ठिकाण सापडलं. नवशिक्यांसाठी सोपे उतार, मुलांसाठी वेगळी शाळा, कुटुंबासाठी खोल्या. माहितीपत्रकात एक आजी नातवंडांबरोबर हसत उभी होती. मला स्वतःला बर्फ म्हणजे रस्ता ओलांडताना पाय जपून टाकायचा पदार्थ, एवढंच ठाऊक. तेव्हा जे येत नाही त्यासाठी मी जिथे नेहमी जातो तिथे गेलो. ग्रंथालयात खेळांच्या कपाटात सगळ्यात खाली ते पुस्तक होतं. स्की शिका, वीस धडे, एकशे बारा आकृत्या. मी दिनदर्शिका काढून बघितली. सुट्टीपर्यंत बरोबर वीस रविवार होते. पुस्तक माझ्या लग्नाच्याही आधीचं होतं, पण माणसाला गुडघे तेव्हाही दोनच होते, असं मी मनाशी म्हटलं.

इथे माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. चाळीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे प्रूफ. दोन्ही जुळली की सही करायची. मूळ प्रतीत लिहिलेलं खरं आहे का, हे बघणं आमचं काम नव्हतं. नवा असताना मी एकदा ते बघायला गेलो होतो, तर मालक म्हणाले, "तू लेखक आहेस का रे? मग जुळव आणि पुढे पाठव."

मी मुलांना तसंच शिकवलं. डाव्या हातात पुस्तक, समोर मुलं. जुन्या बुटांना फळ्या सुतळीने बांधल्या. काठ्यांच्या जागी झाडूचे दांडे. आकृती चार, गुडघे वाकलेले, हात पुढे, नजर लांब. ढब्बूचं कोपर आकृतीपेक्षा बोटभर बाहेर असेल तर मी ते आत घ्यायचो. ताईचं काही बाहेर नसायचंच. ती धडा आधी वाचून यायची.

"आजोबा, तुम्ही पण वाका ना," ढब्बू म्हणायचा.

मी वाकायचो. गुडघ्यातून आवाज यायचा.

"दार उघडलं कोणी तरी!" तो ओरडायचा आणि गालिच्यावर लोळायचा.

"उठ, ढब्बू," ताई म्हणायची. "सातवा धडा अजून व्हायचाय."

सातव्या धड्यात थांबायचं कसं ते होतं. थांबता येत नसेल तर बाजूला बसा, एवढं साधं. ढब्बूला तो धडा फार आवडला. तो सारखा बसायचा.

एकदा त्यांची आई जरा लवकर आली. मी आरामखुर्चीत पुस्तक घेऊन बसलो होतो आणि दोघं समोर फळ्यांवर वाकून उभी होती. ती दारातच थांबली. "उंटावरून शेळ्या हाकतात ते ऐकलं होतं, बाबा. खुर्चीवरून स्की आज बघितलं." पण नंतर तिने मोबाइलवर फोटो काढला, आणि जाताना म्हणाली, "मुलं आठवडाभर याच गप्पा मारतात हं." त्या रात्री मला छान झोप लागली.

विसाव्या रविवारी मी दोघांना एकेक कागद दिला. सुवाच्य अक्षरात, वीस धडे पूर्ण केल्याबद्दल. ताईने तिचा कागद घडी न घालता वहीत ठेवला.

आम्ही बसने गेलो. रविवारी दुपारी पोचलो. खोली छोटी पण उबदार होती. एक पलंग, एक दुमजली पलंग, बूट वाळवायला लोखंडी घोडा. ढब्बू वरच्या मजल्यावर चढला आणि तिथून मला हुकूम सोडू लागला. खिडकीतून उतार दिसत होता. मला तो सोपा वाटला. चित्रात होता तसाच.

संध्याकाळ व्हायच्या आत शाळेच्या खिडकीवर नाव नोंदवायचं होतं. रांग मोठी होती, मुलं रडत होती, कोणाचे हातमोजे हरवले होते. खिडकीतल्या बाईने काचेखालून दोन अर्ज सरकवले. नाव, वय, बुटाचा नंबर. आणि मग एक चौकट: याआधी किती धडे झाले?

मी माणूस शंकेखोर. दाराला कुलूप लावलं का ते बघायला मी दोन जिने परत चढतो. पत्र टाकल्यावर पेटीत हात घालून बघतो. त्या चौकटीपाशीही माझं पेन थांबलं. ते मी नाकबूल करत नाही. पण ताई माझ्या कोपराशी टाचा उंचावून बघत होती.

"वीस, आजोबा," ती म्हणाली. "वीस लिहा ना."

मागचा माणूस घसा खाकरत होता. ताईच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी तिच्या बापाच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं. तिला माझा अभिमान वाटत होता. मी दोन्ही अर्जांवर वीस लिहिलं. अक्षर छान आलं.

"अरे वा, वीस," बाई म्हणाली आणि दोन पिवळ्या बंड्या काढून दिल्या. आमच्या आधीच्या मुलीला हिरवी मिळाली होती.

"पिवळी म्हणजे पुढचा वर्ग," ताईने ढब्बूच्या कानात सांगितलं. "हिरवी नवशिक्यांची."

सोमवारी सकाळी नऊला मोठ्यांना कुंपणाच्या अलीकडे थांबवलं. हिरव्या बंड्यांची मुलं एका सरकत्या पट्ट्यावरून चार पावलं वर जात आणि तेवढीच खाली येत. खेळण्यातल्या गाडीसारखं ते दिसत होतं. पिवळ्यांची शिक्षिका तरुण होती, नाकावर पांढरं मलम लावलेली. तिने प्रत्येकाला सपाट जागेवर उभं राहून दाखवायला सांगितलं. आमची दोघं उभी राहिली. आकृती चार. कोपरं आत, नजर लांब. शिक्षिका त्यांच्याभोवती फिरली आणि अंगठा उंचावून माझ्याकडे बघून हसली. शेजारचा एक बाप म्हणाला, "तुमची दोन्ही फारच तयार दिसतात. कुठे शिकली?"

"घरीच," मी म्हणालो. त्याला ती थट्टा वाटली. तो मोठ्याने हसला. मीही हसलो.

मग पिवळ्या बंड्या वर जाणाऱ्या खुर्च्यांकडे निघाल्या. ताईने ढब्बूचा हात धरला होता. खुर्ची जमिनीवरून उचलली गेली तेव्हा ढब्बूने मागे वळून मला एक काठी दाखवली.

अर्ध्या तासाने पिवळ्या बंड्या वळणं घेत खाली येताना दिसल्या. दुसऱ्याच एका शिक्षकामागे, बदकाच्या पिलांसारखी, एकामागे एक. मी मोजली. सहा. वर गेली होती आठ. मी पुन्हा मोजली. मोजण्यात माझी चूक होत नाही.

त्यानंतर जे खाली आलं ती लाल घसरगाडी होती. एक माणूस ती पुढून सावरत आणत होता. तिच्यात ताई होती, मानेपर्यंत पांघरूण. मागून शिक्षिका ढब्बूला कडेवर घेऊन येत होती, आणि तिच्या नाकावरचं मलम गालभर पसरलं होतं.

काय झालं ते तिने मला प्रथमोपचाराच्या खोलीत सांगितलं. वर पोचल्यावर दोघं इतकी छान उभी राहिली की तिने बाकीच्या मुलांना त्यांच्याकडे बघायला सांगितलं. ती दुसऱ्या एकाचा बूट आवळायला वाकली, आणि तेवढ्यात ढब्बू घसरू लागला. तो घाबरून हलला नाही, की वाकडा झाला नाही. तसाच उभा राहून, कोपरं आत, सरळ खाली निघाला. ताई त्याच्या मागे सुटली. ओरडत होती, बस, ढब्बू, सातवा धडा, बस. तो बसला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. ताई बसली नाही. ती त्याच्या पुढे जाऊन कडेच्या खांबावर आदळली.

"वीस धडे झालेत म्हणून मी..." शिक्षिका म्हणाली आणि थांबली. "कुठल्या उतारावर झाले होते, आजोबा?"

मी तिला सांगितलं. तिने ऐकलंच नसावं असं मला त्या क्षणी फार वाटलं, पण तिने ऐकलं होतं.

ताईचं मनगट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाला, हाड जुळेल, लहान आहे. जुळेल हा शब्द मी आयुष्यभर वापरला, पण असा कधी ऐकला नव्हता. ढब्बू बाकावर बसून होता, बूट अजून पायातच.

"आजोबा, गालिचा हलत नव्हता ना," तो म्हणाला. "हे हललं. खालचं सगळं चालायला लागलं."

"हो रे."

"तुम्ही सांगितलं नाही हलतं म्हणून."

पुस्तकात असणारच. पहिल्याच पानावर असेल कदाचित, एका वाक्यात. मी आकृत्या जुळवत होतो.

ताई छताकडे बघत होती. हाताला पांढरं प्लास्टर चढवून झालं तेव्हा तिने मान वळवली.

"आजोबा, तुम्ही कधी बर्फावर उभे राहिला होतात? त्या पट्ट्या लावून?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, बाळा."

"मग तुम्हाला कसं माहीत होतं?"

"पुस्तकात होतं."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान परत सरळ केली. त्या खोलीतल्या छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यांच्या आईला फोन लावला तेव्हा ताईने चांगल्या हाताने तो माझ्याकडून घेतला. "आई, मी ठीक आहे. आई, आजोबांची चूक नाही. वीस लिहा असं मीच सांगितलं." मग फोन माझ्याकडे आला. पलीकडे खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचे आवाज येत होते. ते थांबले.

"बाबा," ती म्हणाली, "वीस म्हणजे ते... बैठकीतले?"

"हो."

मग ती म्हणाली, "मी निघते."

ती मंगळवारी सकाळी पोचली. मी मनाची तयारी करून ठेवली होती. ती ओरडेल, मग मी माफी मागेन, मग निदान काहीतरी बोलणं होईल. पण ती ओरडली नाही. तिने ताईला जवळ घेतलं, ढब्बूला उचललं, आणि मला विचारलं, "तुम्ही काही खाल्लंत का, बाबा?" ओरडा खाणं मला सोपं गेलं असतं.

सामान मी भरून ठेवलं होतं. ताईच्या वहीतून तो कागद खाली पडला, वीस धडे पूर्ण केल्याबद्दलचा. आईने तो उचलला, वाचला आणि पुन्हा वहीत ठेवला. नीट, घडी न घालता.

"काल रात्री झोपला का हा?" तिने विचारलं.

"नाही. माझ्या पलंगावर आला. पाय खाली सोडायला तयार नव्हता."

खरंच. सकाळी संडासालाही मी त्याला उचलून नेलं होतं.

गाडीपाशी मी म्हणालो, "माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं कोणाला तरी."

"तुमचा हेतू काय होता ते मला ठाऊक आहे, बाबा. मी रागावले नाहीये." तिने दार लावलं. मग काच खाली केली, कारण ती चांगली बाई आहे आणि तसंच निघून जाणं तिला जमेना. "पुढच्या वर्षीचं बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे काय ते तिला माहीत होतं. माझ्या मुलाने लहानपणी जे जे मागितलं त्याला मी बघू म्हणायचो, आणि तिच्यासमोर त्यानेच ते कितीदा सांगितलं होतं, हसत हसत. मी म्हणालो, "हो, बघू." ढब्बूने हात हलवला. ताईने बरा हात मांडीवर ठेवला होता. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. ती अनोळखी माणसांकडे बघताना असते तशी आदबशीर नजर होती.

परतीची बस शनिवारीच होती. खोली शनिवारपर्यंत तिघांची. दुपारी जेवणघरात माझ्या टेबलावर तीन ताटं मांडली होती, मी दोन उचलून बाजूच्या फडताळावर ठेवली.

मग मी शाळेच्या खिडकीवर गेलो. रांग नव्हती. तीच बाई होती.

"अर्जात एक चूक झाली होती," मी म्हणालो. "दुरुस्त करायची आहे."

"आता कशाला, आजोबा? मला कळलं. कशी आहे मुलगी?"

"बरी आहे. पण चुकीचं राहायला नको."

तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही अर्ज शोधून काढले. मी वीसवर एक रेघ मारली, समासात शून्य लिहिलं आणि बाजूला सही केली, जशी चाळीस वर्षं करत आलो तशी. दोनदा. तिने ते यंत्रात भरलं.

"शून्य म्हणजे मग हिरव्या गटात येतील," ती म्हणाली, जवळजवळ स्वतःशीच. "उद्या नऊला जागा दाखवतंय. काढून टाकू का नावं?"

मी म्हणायला हवं होतं, काढा. तोंडाशी आलंही होतं.

"असू द्या," मी म्हणालो.

बुधवारी सकाळी नऊला मी कुंपणापाशी होतो. सरकता पट्टा सुरू झाला होता. हिरव्या बंड्यांची मुलं एका रांगेत उभी होती, गुडघे कसेही, कोपरं कुठेही. त्यांचा शिक्षक म्हातारा होता, जवळजवळ माझ्या वयाचा. त्याने मुलांना आधी पट्ट्या काढायला लावल्या आणि नुसत्या बुटांनी बर्फावर उड्या मारायला सांगितल्या. "बघा कसं घसरतं ते," तो म्हणाला. "आज एवढंच शिकायचं." मुलं पडत होती आणि हसत होती.

मग त्याने खिशातून यादी काढली आणि हजेरी घेऊ लागला. ताईचं शाळेतलं नाव घेतलं. थांबला. पुन्हा घेतलं. मग ढब्बूचं.

मी चार हातांवर होतो. ती गेली, असं सांगायला किती वेळ लागला असता. माझ्याच्याने बोलवेना. म्हाताऱ्याने हात कपाळावर धरून चौफेर बघितलं, मुलं उशिरा येतात तेव्हा बघतात तसं, आणि दोन हिरव्या बंड्या कुंपणाच्या खांबाला अडकवून ठेवल्या.